नाक्यावरची झडती

भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या जिन्याखाली अडीच फूट रुंदीचं कपाट आहे. तिथे सगळे त्याला ‘सर्व्हर रूम’ म्हणतात. वर छोटा पंखा, खाली यूपीएसच्या बॅटऱ्या, मधल्या फळीवर इंटरनेटवाल्याचा राउटर आणि चोवीस पोर्टचा स्विच. या दोघांच्या मध्ये वहीएवढा एक चपटा बॉक्स आहे. राउटरमधून निघालेली वायर आधी या बॉक्समध्ये जाते, मग स्विचमध्ये आणि तिथून अकाउंट्स, परचेस, डिझाइन, स्टोअर अशी सगळीकडे. म्हणजे कारखान्यात इंटरनेटवरून जे काही येतं, ते या बॉक्समधूनच यावं अशी रचना आहे.

मालकांनी दोन वर्षांपूर्वी तो बसवून घेतला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, यात गेटवे अँटीव्हायरस आहे, आता व्हायरस आत येणार नाही. गुरुवार हा भोसरीत सुट्टीचा वार, त्यामुळे शॉप फ्लोअर शांत होता. बॉक्स खरंच काम करतो का, एवढंच बघायला मी गेलो होतो.

यासाठी जगभर एक साधी चाचणी वापरतात. आयकार नावाच्या युरोपातल्या संस्थेने एक फाइल ठरवून दिली आहे. तिच्यात अवघी ६८ अक्षरं आहेत. ती कुणाला अपाय करत नाही. डॉसवर चालवली तर स्क्रीनवर एक ओळ उमटते आणि संपतं. पण प्रत्येक अँटीव्हायरसने तिला व्हायरस समजून अडवायचं, असा या धंद्यातला संकेत आहे. धुराचा भोंगा वाजतो का हे बघायला त्याच्याखाली उदबत्ती धरावी, तशी ही फाइल.

माझ्या सर्व्हरवर ती मी दोन पत्त्यांवर ठेवली आहे. एक पत्ता साध्या एचटीटीपीचा, दुसरा एचटीटीपीएसचा. लॅपटॉपवरचा अँटीव्हायरस थोडा वेळ बंद केला, नाहीतर फाइल नेमकी कोणी पकडली तेच कळलं नसतं. पहिला पत्ता टाकला. क्षणात लाल पट्टीचं पान आलं: फाइल अडवली आहे. मालकांचा चेहरा खुलला. मग दुसरा पत्ता टाकला. फाइल मुकाट्याने डाउनलोडच्या फोल्डरमध्ये येऊन बसली.

“तीच फाइल आहे का ही?” त्यांनी विचारलं.

“तीच. एका अक्षराचाही फरक नाही.”

“अहो, मग दोन वर्षं मी पैसे कशाचे भरतोय?”

हा प्रश्न अगदी रास्त आहे. असा बॉक्स लावून बसलेल्या प्रत्येकाने तो एकदा विचारायला हवा. त्याचं उत्तर द्यायचं तर हा बॉक्स काय बघतो आणि काय त्याच्या नजरेला पडूच शकत नाही, हे नीट समजून घ्यावं लागतं.

जकात नाका पाहिलेली माणसं अजून पुष्कळ आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्दचे मुंबईचे जकात नाके बंद झाले. त्याआधी शहरात शिरणारा मालाचा ट्रक तिथे थांबायचा. कागद बघायचे, ताडपत्री उचलून माल बघायचा, पावती फाडायची, मग ट्रक पुढे. शहरातल्या प्रत्येक दुकानाच्या दारात कारकून बसवण्यापेक्षा रस्ता जिथे शहरात शिरतो तिथेच बसवलेला बरा. गेटवे अँटीव्हायरसमागचा विचार हाच आहे.

प्रत्येक कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस असतो, असायलाच हवा. पण तीस-चाळीस मशीनच्या ऑफिसात कुठल्याही दिवशी पाहा. एकावरचं लायसन्स संपलेलं असतं, दुसऱ्यावर महिनाभर अपडेट झालेलं नसतं, तिसऱ्यावर कुणीतरी ‘मशीन फार हळू चालतंय’ म्हणून तो बंदच करून ठेवलेला असतो. प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर यांवर तर तो टाकताच येत नाही. या सगळ्यांच्या पुढे दारात एक तपासणी असणं ही मोठी गोष्ट आहे. मी बॉक्सच्या बाजूचाच माणूस आहे, हे इथेच सांगून टाकतो.

एक काळ असा होता, की दारात तपासणी ठेवण्यात काही अर्थच नव्हता. व्हायरस फ्लॉपीवरून फिरायचा, माणसाच्या खिशातून ऑफिसात शिरायचा. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांकडे व्हायरस लागलेले कॉम्प्युटर येऊ लागले. धाकटे बंधू संजय काटकर यांनी त्यावर इलाज करणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. तो एकेका मशीनला औषध देण्याचा काळ होता. मग इंटरनेट आलं, मेल आला, आणि २६ मार्च १९९९ ला मेलिसा आला. वर्डच्या फाइलमध्ये लपलेला मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम. फाइल उघडली, की आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना तो स्वतःची प्रत पाठवायचा. पुढच्या वर्षी ४ मे २००० ला फिलिपाइन्समधून ‘आय लव्ह यू’ निघाला आणि तोही मेलवरूनच जगभर पसरला. कंपन्यांना आपले मेल सर्व्हर बंद करून बसावं लागलं. सगळा उपद्रव एकाच दाराने येतो आहे हे त्या दोन वर्षांत लख्ख दिसलं, आणि तपासणी दाराशी न्यायची मागणी वाढली. आधी ती मेल सर्व्हरवर बसली, पुढे फायरवॉलच्याच बॉक्समध्ये आली. आज बाजारात यूटीएम म्हणून जे विकलं जातं, ते असं फायरवॉल, अँटीव्हायरस, वेबसाइटची गाळणी वगैरे एकत्र बांधलेलं गाठोडं आहे.

आता बॉक्सच्या आत डोकावू.

इंटरनेटवरून फाइल अखंड येत नाही. सुमारे दीड हजार बाइटच्या तुकड्यांत येते. तीन एमबीचं पीडीएफ म्हणजे दोन हजारांवर तुकडे. साधी फायरवॉल फक्त तुकड्यावरचा पत्ता वाचते: कुठून आला, कुठे चालला, कुठल्या पोर्टवर. हे म्हणजे नाक्यावर ट्रकची नंबर प्लेट बघून सोडून देणं. अँटीव्हायरसला मात्र माल बघायचा असतो, आणि माल दोन हजार तुकड्यांत विखुरलेला असतो. त्यासाठी दोन पद्धती आहेत.

पहिलीत बॉक्स मध्यस्थ होतो. तुमच्या ब्राउझरने मागितलेली फाइल तो स्वतः मागवतो, सगळे तुकडे स्वतःच्या मेमरीत जुळवतो, झिप असेल तर उघडतो, पूर्ण तपासतो आणि मगच तुमच्या हाती देतो. याला प्रॉक्सी पद्धत म्हणतात. तपासणी कसून होते, पण बसलेल्या माणसाला डाउनलोडची पट्टी अडकल्यासारखी वाटते आणि पाच मिनिटांत ‘नेट स्लो आहे’ म्हणून फोन येतो. दुसऱ्या पद्धतीत तुकडे वाहतेच ठेवतात आणि वाहता वाहता तपासतात. शेवटचा तुकडा मात्र हातात धरून ठेवायचा. संशय आला तर तो तुकडा टाकून द्यायचा आणि जोडणी तोडायची. अर्धवट फाइल सहसा चालत नाही. ही फ्लो पद्धत. वेग चांगला, पण झिपच्या आत झिप, तिच्या आत आणखी काही, असं सोलत जाण्याची तिची ताकद कमी पडते. माझं मत विचाराल तर अटॅचमेंटसाठी प्रॉक्सी लावावी, एरवीच्या ब्राउझिंगला फ्लो चालेल. अटॅचमेंट अर्ध्या मिनिटाने उशिरा आली म्हणून कुणाचं फारसं अडत नाही.

बॉक्स माल ओळखतो कसा? मुख्यतः सिग्नेचरवरून. आधी सापडलेल्या प्रत्येक व्हायरसच्या काही खुणा नोंदवलेल्या असतात. त्या खुणांची यादी कंपनीकडून दिवसातून अनेकदा बॉक्समध्ये उतरते. याच्या जोडीला ‘हे व्हायरससारखं वागेल असं दिसतं’ असा अंदाज बांधणारे नियम असतात. नव्या बॉक्समध्ये संशयित फाइल कंपनीच्या क्लाउडवर पाठवून तिथे चालवून बघण्याचीही सोय असते. तरीही एक मर्यादा कायम राहते. अमेरिकेतल्या फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच गणिताने दाखवून दिलं, की कुठलाही प्रोग्राम घ्या आणि तो व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगा, अशी पद्धत असूच शकत नाही. म्हणून कुणी ‘शंभर टक्के’ म्हणून बॉक्स विकायला आला, तर त्याला चहा पाजावा आणि दुसरं कोटेशन मागवावं.

खरी गंमत, म्हणजे खरी अडचण, झिपमध्ये आहे. ४२ डॉट झिप नावाची एक कुप्रसिद्ध फाइल आहे. तिचा आकार ४२ किलोबाइट, पण थरामागून थर उघडत गेलं की आतून ४.५ पेटाबाइट डेटा निघतो. एवढी जागा कुठल्याच छोट्या बॉक्समध्ये नसते. तो उघडायला गेला तर गुदमरून बसेल. म्हणून प्रत्येक बॉक्सला मर्यादा घालून दिलेली असते: इतके थर उघडायचे, इतक्या एमबीपर्यंत तपासायचं. मर्यादेच्या पलीकडे गेलेल्या फाइलचं काय करायचं, यासाठी सेटिंगमध्ये दोनच पर्याय असतात. सोडायची किंवा अडवायची. भोसरीच्या त्या बॉक्समध्ये मर्यादा १० एमबी होती आणि पुढे ‘सोडायची’ असं लिहिलेलं होतं. कारखान्याला गिऱ्हाइकांकडून येणारी ड्रॉइंगं तीस-चाळीस एमबीची असतात. म्हणजे कारखान्यात येणारा सगळ्यात किमती माल दोन वर्षं न तपासताच आत येत होता. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. बसवायला आलेल्या मुलाने कंपनीकडून आलेलं सेटिंग तसंच ठेवलं होतं, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

पासवर्ड लावलेली झिप हा त्याहून अवघड प्रकार. २००४ मध्ये बेगल नावाचा मेलवरून फिरणारा किडा आला. तो स्वतःला पासवर्डच्या झिपमध्ये बंद करून घ्यायचा आणि पासवर्ड मेलच्या मजकुरातच लिहायचा. नाक्यावरच्या तपासणीला झिप उघडता येईना; माणूस मात्र मेल वाचून ती बिनदिक्कत उघडायचा. मग अँटीव्हायरसवाल्यांनी मजकुरातला पासवर्ड वाचून झिप उघडायला आपल्या प्रोग्रामला शिकवलं. त्यावर बेगल लिहिणाऱ्यांनी पासवर्ड चित्रात काढून पाठवायला सुरुवात केली. ही युक्ती आजही जुनी झालेली नाही, आणि आपल्याकडे तिला आयतं रान मिळतं. बँकेचं स्टेटमेंट, विम्याची पावती, फॉर्म सोळा, सगळं पासवर्डच्या पीडीएफमध्ये येतं. ‘पासवर्ड म्हणजे तुमची जन्मतारीख’ हे वाचून फाइल उघडण्याची सवय आपल्या बोटांना लागलेली आहे. परचेसमधल्या मुलीला ‘आरएफक्यू’ (म्हणजे दर मागवण्याचं पत्र) नावाची झिप आणि खाली पासवर्ड आला, तर ती संशय का घेईल? म्हणून बॉक्सला उघडता न येणारी झिप सरळ आत सोडू नये, बाजूला ठेवावी, आणि कुणीतरी जबाबदार माणसाने पाठवणाऱ्याला फोन करून मगच ती सोडवून घ्यावी, असं माझं आग्रहाचं सांगणं असतं. फोन जुन्या नंबरवर करायचा. मेलखाली दिलेल्या नंबरवर करायचा नाही.

आता मालकांच्या प्रश्नाकडे येतो. दुसऱ्या पत्त्यावरून तीच फाइल आत कशी आली?

एचटीटीपीएस म्हणजे सीलबंद कंटेनर. वेबसाइटवर तो बंद होतो आणि थेट तुमच्या ब्राउझरमध्ये उघडतो. वाटेतल्या कुणालाही, अगदी तुमच्याच जिन्याखालच्या बॉक्सलाही, आत काय आहे ते दिसत नाही. बँकेचा व्यवहार, आधारचा नंबर, खासगी पत्रव्यवहार वाटेत कुणी वाचू नये म्हणून ही सोय झाली, आणि ती फार चांगली झाली. पूर्वी यासाठी लागणारं सर्टिफिकेट विकत घ्यावं लागायचं. २०१५ च्या डिसेंबरात लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने ते सगळ्यांना फुकट द्यायला सुरुवात केली. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपीच्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारू लागला. आज आपण उघडतो त्यातली बहुतेक पानं सीलबंदच असतात. फुकटचं सर्टिफिकेट चोरालाही तितक्याच सहज मिळतं. कुलपाची खूण वाट सुरक्षित असल्याचं सांगते. वाटेच्या टोकाला कोण बसलंय हे ती सांगत नाही.

मेलचंही तसंच. त्या कारखान्याचा मेल क्लाउडवर आहे आणि सगळे तो ब्राउझरमध्येच उघडतात. म्हणजे अटॅचमेंट बॉक्ससमोरून जाते ती सीलबंद पेटीतूनच. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘मेल स्कॅनिंग’ चालू होतं, हिरवी खूण होती, आणि दोन वर्षांत त्याने एकही मेल पाहिलेला नव्हता.

सील उघडून बघण्याची सोय बॉक्समध्ये असते. बॉक्स मध्ये उभा राहतो, वेबसाइटशी स्वतः बोलतो, कंटेनर उघडतो, तपासतो आणि पुन्हा स्वतःचं सील लावून तुमच्याकडे धाडतो. ब्राउझरला हे परकं सील ओळखीचं नसतं, म्हणून तो आरडाओरड करतो. त्यासाठी बॉक्सचं मूळ सर्टिफिकेट प्रत्येक कॉम्प्युटरवर ‘विश्वासाचं’ म्हणून बसवावं लागतं. मोठ्या कंपनीत हे काम सर्व्हरवरून एका फटक्यात होतं. भोसरीत तसा सर्व्हर नव्हता. एकतीस मशीनपुढे एकेक करून बसलो. दोन गुरुवार गेले. क्रोम पुष्कळदा क्विक नावाच्या वेगळ्या वाटेने, यूडीपी ४४३ वरून बोलतो आणि अनेक बॉक्सना त्या वाटेवर तपासणी जमत नाही. ती वाट बंद केली, की ब्राउझर निमूटपणे नेहमीच्या रस्त्याने येतो. हे न करता सील उघडण्याची सोय चालू केली, तर निम्मा माल शेजारच्या गल्लीतून निघून जातो.

इथे एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. सील उघडणं म्हणजे माणसाचं पाकीट उघडण्यासारखं आहे. दुपारच्या सुट्टीत कुणी बँकेत लॉगिन करतं, कुणी दवाखान्याचा रिपोर्ट बघतं. बँका, दवाखाने, सरकारी सेवा यांची यादी करून ती तपासणीतून वगळता येते, वगळायलाच हवी. शिवाय काय तपासतो आणि काय नाही, हे सगळ्यांना बोलावून तोंडी सांगायला हवं. भोसरीत आम्ही कॅन्टीनमध्ये वीस मिनिटं बोललो. अकाउंट्समधल्या एका ताईंनी विचारलं, “म्हणजे माझा पासवर्ड तुम्हाला दिसणार?” तो दिसू नये म्हणूनच बँका यादीत घातल्यात, हे त्यांना स्क्रीनवर दाखवलं. कामगारांच्या फोनसाठी वेगळं वाय-फाय काढून दिलं; त्यावर फक्त इंटरनेट, ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत वाट नाही, आणि सीलही उघडत नाही.

वेगाबद्दल थोडक्यात. बॉक्सच्या माहितीपत्रकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला वेग हा फक्त पत्ते वाचण्याचा असतो. अँटीव्हायरस, सील उघडणं हे सगळं चालू केल्यावरचा वेग खाली कुठेतरी दिलेला असतो आणि तो कित्येक पटींनी कमी असतो. खरेदी करताना तोच आकडा बघायचा.

हे सगळं नीट झालं तरी नाक्याला एक मोठी मर्यादा राहतेच, आणि ती समजायला भोसरीहून उरणला जावं लागेल.

मुंबईचे जकात नाके बंद व्हायला चार दिवस होते. २७ जून २०१७. न्हावा शेवाला, जवाहरलाल नेहरू बंदरात, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले. टर्मिनलचं नाव योगायोगाने गेटवे टर्मिनल्स इंडिया. कुठला कंटेनर कुठल्या ओळीत आहे, कुठल्या जहाजावर चढायचा आहे, हे सांगणारी यंत्रणाच गेली, आणि मिळेल तेवढं काम हाताने करण्याची वेळ आली. कारण हजारो किलोमीटरवर युक्रेनमध्ये होतं. तिथल्या कंपन्या कर भरण्यासाठी एम. ई. डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतात, आपल्याकडे टॅली वापरतात तसं. हल्लेखोर त्या सॉफ्टवेअरच्या अपडेट सर्व्हरमध्ये घुसले आणि नेहमीच्या अपडेटबरोबर त्यांनी नॉटपेट्या नावाचा किडा पाठवला. मर्स्कच्या युक्रेनमधल्या कार्यालयातही ते सॉफ्टवेअर होतं.

नाक्यावरच्या नजरेतून हे पाहा. माल ओळखीच्या पुरवठादाराकडून आला, नेहमीच्या वाटेने आला, आणि त्याची खूण तोवर कुणाच्याच यादीत नव्हती. त्याला अडवायचं तरी कशावरून? पुढचं याहून गंभीर आहे. एकदा आत आल्यावर त्याला नाक्यावर परत यावंच लागलं नाही. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं एक भोक आणि मशीनच्या मेमरीतून चोरलेले पासवर्ड, या दोन गोष्टींच्या बळावर तो एका कॉम्प्युटरवरून शेजारच्या कॉम्प्युटरवर उड्या मारत गेला. ते भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. मे महिन्यात त्याच भोकातून वॉनाक्राय नावाच्या दुसऱ्या किड्याने जगभर हाहाकार केला होता. तरीही अनेक ठिकाणी ते उघडंच होतं. मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हॅगमन स्नाबे यांनी पुढच्या जानेवारीत दावोसला सांगितलं, की त्यांना दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर पुन्हा नव्याने उभे करावे लागले. कंपनीने तोटा २५ ते ३० कोटी डॉलरचा धरला.

म्हणून एका नाक्यावर भागत नाही. शहराच्या आतही वेशी लागतात. ऑफिस, डिझाइन, शॉप फ्लोअर, कॅमेरे यांचे वेगवेगळे भाग पाडायचे आणि एका भागातून दुसऱ्यात जाणारी वाहतूक त्याच बॉक्समधून न्यायची. मग अकाउंट्समधल्या मशीनला लागण झाली तरी शॉप फ्लोअरपर्यंत पोहोचायला त्या लागणीला नाका ओलांडावा लागतो. बहुतेक छोट्या कारखान्यांत आज सगळं एकाच स्विचवर मोकळं असतं. ‘सगळ्यांना सगळं दिसायला पाहिजे’ ही मागणी सोयीची असते, आणि नॉटपेट्यासारख्याला तीच सोय सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण विकणारे ती सांगत नाहीत. तपासणारा बॉक्स स्वतःही एक कॉम्प्युटरच आहे, आणि जगभरातला गलिच्छ माल हाताळणं हेच त्याचं काम. २०२३ च्या मे महिन्यात बाराकुडा कंपनीच्या मेल तपासणाऱ्या उपकरणात असं भोक सापडलं, की अटॅचमेंट म्हणून आलेल्या टार फाइलच्या आतल्या फाइलला विशिष्ट प्रकारे नाव दिलं, तर ते नाव तपासताना उपकरण त्यात लिहिलेला हुकूमच चालवायचं. मेल कुणी उघडायचीही गरज नव्हती. तपासणीच दार ठरली. हल्लेखोर त्याचा फायदा आदल्या ऑक्टोबरपासून घेत होते. जूनमध्ये कंपनीने लागण झालेल्या ग्राहकांना सांगितलं, की पॅच लावून भागणार नाही, उपकरणच बदलून घ्या. म्हणून बॉक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर अपडेट करणं हे सिग्नेचर अपडेट होण्याइतकंच निकडीचं काम आहे. सिग्नेचर आपोआप येतात. बॉक्सचं सॉफ्टवेअर अनेकदा हाताने टाकावं लागतं, पाच-दहा मिनिटं नेट बंद ठेवावं लागतं, आणि त्या पाच मिनिटांसाठी परवानगी मिळता मिळता सहा महिने निघून जातात.

लायसन्सचंही तसंच. ते संपलं की सिग्नेचर यायच्या थांबतात. नेट चालूच राहतं, दिवा हिरवाच राहतो, कुणाला काही कळत नाही. मी तारीख बॉक्सवरच मार्करने लिहून ठेवतो.

आणि लॉग, म्हणजे बॉक्सने ठेवलेल्या नोंदी. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने काढलेल्या आदेशांनुसार कंपन्यांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. जपतात बरेच जण, वाचणारे थोडे. खरं तर बॉक्सचा सगळ्यात मोठा उपयोग मला तिथेच वाटतो. बाहेरून आलेली फाइल अडवली, ही नोंद वाचून फक्त बरं वाटतं. पण आतला एखादा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी एकाच संशयास्पद पत्त्याकडे बाहेर जायला बघतो आहे आणि बॉक्स त्याला अडवतो आहे, अशी ओळ दिसली, तर त्या मशीनची वायर आधी काढायची आणि मग पुढचं बोलायचं. सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं, हातात चहा, समोर लॉग, एवढीच सवय लागते. कधी निरोगी फाइलही अडकते. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका चुकीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि कितीतरी ऑफिसांतले कॉम्प्युटर सुरूच होईनात. चूक कळली, की त्या एका फाइलपुरती सूट द्यायची. पण घाईगर्दीत कुणीतरी ‘सगळ्यांना सगळं चालू’ असा एक नियम यादीत सगळ्यात वर टाकतं आणि काम झाल्यावर काढायचं विसरतं. असा नियम मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिला आहे. त्याच्याखाली दिलेले बाकीचे सगळे नियम तेव्हापासून नुसते लिहिलेले असतात.

भोसरीत तिसऱ्या गुरुवारी पुन्हा लॅपटॉप उघडला. साधा पत्ता: लाल पान. कुलपाचा पत्ता: लाल पान. झिपच्या आत झिप: लाल पान. पासवर्डची झिप बाजूला ठेवली गेली आणि मालकांच्या फोनवर तसा मेल आला. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले.

“आता झालं म्हणायचं का?”

मी म्हटलं, “शॉपमध्ये व्हीएमसी मशीनवर कटिंगचा प्रोग्राम कसा जातो, ते एकदा दाखवा.”

खाली गेलो. मशीनच्या पॅनेलमागे जुना विंडोज एक्सपी होता. मशीन बनवणाऱ्याने दिलेला, बदलता न येणारा. त्यावर अँटीव्हायरस नाही, पॅच नाहीत. ओव्हरटाइमला आलेल्या ऑपरेटरने शर्टाच्या खिशातून लाल दोरी लावलेला पेनड्राइव्ह काढला आणि पॅनेलच्या यूएसबीत खुपसला. डिझाइनमधून प्रोग्राम यातूनच येतो, तो म्हणाला. घरी मुलगा यावरच गाणी भरून घेतो.

मालकांनी पेनड्राइव्ह हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि डिझाइनपासून मशीनपर्यंत किती मीटर केबल लागेल ते विचारलं. आम्ही टेप आणायला सांगितली. अठ्ठावीस मीटर भरली. बॉक्सवरचं चौथं पोर्ट मोकळं होतं.